एकतीस गावांची चतुःसीमा

शुक्रवारी सकाळी साडेनऊला मी लॅपटॉप उघडला आणि साडेअकरापर्यंत त्याच्यासमोर नुसती बसून राहिले. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात एक बारीक निळी पट्टी होती आणि तिच्याशेजारी ‘इंडेक्सिंग’ असा शब्द. पट्टी अर्ध्यापर्यंत यायची, थांबायची आणि परत पहिल्यापासून सुरू व्हायची. एक अक्षर टाइप केलं की ते उमटायला मी मनात पाचपर्यंत मोजायचे. शोधाच्या चौकटीत गावाचं नाव टाकलं तर पांढरं पान. पंखा असा ओरडत होता की शेजारच्या खोलीतल्या भाडेकरूनं येऊन विचारलं, मिक्सर बिघडलाय का.

सोमवारी संध्याकाळी पाचच्या आत मला नांदेडला विद्यापीठात प्रबंध जमा करायचा होता. दोनदा मुदत वाढवून घेतली होती. तिसऱ्यांदा मिळत नाही. पाच वाजून एक मिनिट झालं की नोंदणी रद्द, आणि सहा वर्षांचं काम माझं एकटीचं, घरात ठेवायचं.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे सांगताना मला संकोच वाटत नाही. आप्पा चौथी शिकलेले, आई सही करते. रेणापूर तालुक्यातल्या आमच्या गावात लोक मला अजूनही ‘प्रोफेसरीनबाई’ म्हणतात. लातूरच्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. दर जूनमध्ये नव्यानं मुलाखत द्यायची, हे गावातल्या कुणाला ठाऊक नाही. डॉक्टरेट झाली तर ते बदलण्याची आशा होती. एवढंच होतं, आणि माझ्यासाठी ते पुष्कळ होतं.

प्रबंधाचा विषय शेतांची नावं. सातबाऱ्यावर शेताला गट नंबर असतो, पण गावात कुणी नंबरानं बोलत नाही. चिंचेचं, लवणातलं, खडकाळी, जोडविहिरीचं, म्हसोबाची पट्टी अशी नावं असतात. दोन तालुके घेतले होते. एक रेणापूर, माझं माहेर. दुसरा नायगाव, कारण तिकडं माझं आजोळ आहे आणि तिथं मला पारावर बसू देतात. एकतीस गावं, तीन हजारांच्या आसपास शेतं. पाचही प्रकरणं लिहून झाली होती, सरांनी तपासली होती. फक्त परिशिष्ट राहिलं होतं. म्हणजे सगळ्या शेतांची यादी, गाववार, प्रत्येक शेताच्या चार बाजूंसकट.

चार बाजूंचं कारण आप्पा. काम सुरू केलं तेव्हा पहिली वही मी त्यांना दाखवली. नावं एकाखाली एक लिहिलेली होती. आप्पांची पूजा नुकतीच झाली होती, कपाळावर विभूतीचे पट्टे ओले होते. त्यांनी वही लांब धरून वाचली आणि परत दिली.

“हे काय हाय?”

“शेतांची नावं, आप्पा.”

“हे नुसते शब्द हायत. चिंचेचं म्हंजी कुठलं चिंचेचं? तीन हायत गावात. पूर्वेला कोण, पच्छिमेला कोण, ते सांग. त्याबगर ते शेत न्हाई.”

मला राग आला होता. एम.ए.ला पहिली आलेली मुलगी आणि चौथी शिकलेला बाप तिची वही तपासतो. पण पुढच्या गावाला गेले तेव्हा बघितलं, तिथंही म्हातारी माणसं नाव सांगून थांबत नाहीत. नावाच्या मागोमाग चतुःसीमा म्हणतात, चारही बाजू, एका दमात, पोथी म्हटल्यासारखी. मी लिहायला लागले.

नोंदी ठेवायला मी एक ॲप घेतलं होतं. प्रत्येक शेताची एक नोंद, आणि एका नोंदीतून दुसऱ्या नोंदीकडं जायला दुवा. साध्या मजकुराच्या फायली, गावाप्रमाणं फोल्डर. तेवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण अशा ॲपला वरून छोटे छोटे प्रोग्राम जोडता येतात, त्यांना प्लगिन म्हणतात. एक प्लगिन कॅलेंडर दाखवतं, एक नकाशा काढतं, एक फोटोतली अक्षरं वाचतं. मराठीच्या बाईला संगणक येत नाही असं स्टाफरूममध्ये गृहीत असतं. मला ते खोटं पाडायचं होतं. यूट्यूबवर बघून बघून मी प्लगिनं जोडत गेले.

त्यातलं एक मात्र माझ्या फार कामाचं होतं. ते सगळ्या नोंदी वाचून, मी विचारीन ते काढून दाखवायचं. मला त्यावरून एक युक्ती सुचली, आणि त्या युक्तीचा मला फार अभिमान होता. बांध दोन शेतांमध्ये एकच असतो. लवणातल्याच्या पूर्वेला खडकाळी असेल, तर खडकाळीच्या पश्चिमेला लवणातलंच असणार. मग ते दोनदा कशाला लिहायचं? मी प्रत्येक शेताच्या फक्त पूर्व आणि उत्तर या दोन बाजू लिहायला लागले. पश्चिम आणि दक्षिण प्लगिननं शेजाऱ्यांच्या नोंदी बघून स्वतः काढायची. अर्धी मेहनत वाचली. म्हातारी माणसं चारही बाजू सांगत आणि मी मान डोलवत दोन लिहून घेई. आधीच्या वहीतली चार-चार बाजूंची गावंही मी याच पद्धतीनं ॲपमध्ये उतरवली आणि वह्या रद्दीत दिल्या.

गेल्या महिन्यापर्यंत हा हिशेब मी एकेका गावापुरता चालवत होते. मग वाटलं, परिशिष्ट काढायचंच आहे, तर पश्चिम-दक्षिण काढायची ती ओळ सगळ्या तीन हजार नोंदींत एकदमच घालू. घातली. तेव्हा लॅपटॉप थोडा अडखळला. मी त्याकडं लक्ष दिलं नाही, प्रकरणं दुरुस्त करत बसले. आणि आता शुक्रवार उजाडला होता.

त्या दिवशी मी काय काय केलं ते आठवलं तरी अंगावर काटा येतो. चार वेळा लॅपटॉप बंद करून चालू केला. ॲप काढून परत टाकलं. फोटो दुसरीकडं हलवले. दुपारी कुठल्याशा इंग्रजी चर्चेत वाचलं की ॲपनं केलेली जुनी अनुक्रमणिका, म्हणजे इंडेक्स, पुसून टाकली की ॲप ताजं होतं. मी ती पुसली. ताजं झालं म्हणजे काय, तर जे अर्ध्यापर्यंत येत होतं ते आता शून्यापासून सुरू झालं आणि पाव भागावरच थांबायला लागलं. मी स्वतःच्या हातानं होतं ते घालवलं. स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले आणि नळ नुसता सोडून ठेवला. रडू आलं असतं तर बरं वाटलं असतं. आलं नाही.

सरांचा फोन आला. माझे मार्गदर्शक नांदेडला असतात.

“परिशिष्ट झालं का?”

“होत आलंय, सर.”

“होत आलंय हे तुम्ही मागच्या शुक्रवारी पण म्हणाला होता.”

ॲप अडकलंय असं सांगितलं असतं तर त्यांना ते बहाणा वाटलं असतं. मलाच ते बहाण्यासारखं ऐकू येत होतं.

शनिवारी सकाळी लॅपटॉप पिशवीत घालून कॉलेजात गेले. तास नव्हता. संगणकाच्या प्रयोगशाळेत इंटरनेट बरं असतं, म्हणून कोपऱ्यातल्या टेबलावर बसले. प्रयोगशाळा जिच्या ताब्यात असते ती उदगीरची, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी. तिला सगळे अक्का म्हणतात. माझं आणि तिचं फारसं बोलणं नव्हतं. ती तोंडानं फटकळ, आणि मी तिच्याकडं कधी काही विचारायला गेले नव्हते. मुद्दामच गेले नव्हते.

तासाभरानं ती माझ्या मागं येऊन उभी राहिली.

“काय करायलीस गं?”

“काही नाही अक्का. कामच.”

“काम करतीस का पडद्याची नजर काढतीस? अर्धा घंटा झाला, तुझं बोट हाललं न्हाई.”

मी हसायचा प्रयत्न केला आणि तोंड वाकडं झालं. तिनं शेजारची खुर्ची ओढली. मग मी सगळं सांगितलं. सोमवार, पाच वाजता, तिसरी मुदत नाही, हे सांगताना माझा आवाज कापला. तिनं ते ऐकलं न ऐकलंसं केलं, याबद्दल मी तिची आजही आभारी आहे.

“प्लगिनं किती घातलीस?”

“एकोणीस.”

“एकोणीस! अगं, रुखवत मांडलंय का काय?”

तिनं लॅपटॉप स्वतःकडं वळवला आणि सगळी एकोणीस प्लगिनं बंद केली. ॲप परत उघडलं. मी मोजायला सुरुवात केली, नऊ म्हणायच्या आत ते उघडलं. निळी पट्टी नाही. शोधाच्या चौकटीत ‘खडकाळी’ टाकलं, लगेच अकरा खडकाळ्या. मी खुर्चीत मागं टेकले. दोन दिवसांत पहिल्यांदा श्वास पोटापर्यंत गेला.

“म्हंजी नोंदी चांगल्या हायत,” अक्का म्हणाली. “चोर या एकोणीसात हाय. आता अर्धे चालू करायचे. अडकलं तर चोर त्या अर्ध्यात. त्याचे परत अर्धे. लई डोकं लावायचं न्हाई.”

पहिल्या खेपेला दहा चालू केली आणि ॲप अडकलं. त्यातली पाच बंद केली, चाललं. बंद केलेल्या पाचात फोटोतली अक्षरं वाचणारं प्लगिन होतं. ते दर वेळी माझे सगळे नकाशांचे फोटो पहिल्यापासून वाचत होतं. ते काढून टाकलं. अक्का म्हणाली, सापडला गं तुझा चोर. मी उठून तिच्यासाठी चहा सांगायला निघाले होते, तेवढ्यात तिनं दुसरी अर्धी प्लगिनं चालू केली आणि पट्टी परत अर्ध्यावर थांबली. मी दारातून परत आले. तो चहा त्या दिवशी राहिलाच.

दुसऱ्या अर्ध्यात दोघं निघाले. एक साधं, दिसायला गरीब प्लगिन होतं. नोंद बदलली की तिच्या माथ्यावर तारीख टाकायची, एवढंच त्याचं काम. आणि दुसरं माझं लाडकं, बाजू काढणारं. बाजू काढणारं एकेक नोंद वाचायचं. तारीखवाल्याला वाटायचं नोंद बदलली, ते तारीख लिहायचं. तारीख लिहिली की नोंद खरंच बदलायची. मग बाजू काढणारं म्हणायचं, नोंद बदलली, परत सगळ्या तीन हजार वाचतो. दोघं एकमेकांना उठवत होते आणि मी तिसरीच मधे जळत होते.

“तारीखवाल्याला काढ,” मी म्हणाले.

काढला. पट्टी पुढं सरकली, पण बैलगाडीच्या वेगानं. कारण तीन हजार नोंदींतली प्रत्येक नोंद आपली पश्चिम आणि दक्षिण शोधायला उरलेल्या सगळ्या नोंदींची दारं वाजवत होती. अक्कानं घड्याळ लावून बघितलं आणि मान हलवली. “हे असं चाललं तर पुढच्या शनिवारी होईल. हे प्लगिनच बंद कर आणि घे यादी छापून. चाल, मोकळी हो.”

“बंद करता येत नाही, अक्का.”

“का गं?”

मी प्लगिन बंद केलं आणि तिला एक नोंद उघडून दाखवली. पूर्वेला खडकाळी. उत्तरेला पांदण, म्हणजे शेतांमधली गाडीवाट. त्याखाली पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या जागी संगणकाच्या भाषेतली एक ओळ, कंसांची. तिथं नाव नव्हतंच कधी. ते फक्त प्लगिन चालू असताना पडद्यावर दिसायचं, फाइलीत कुठंच लिहिलेलं नव्हतं. अशा तीन हजार नोंदी. सहा हजार बाजू, ज्या मी लिहिल्याच नव्हत्या.

अक्कानं आणखी दोन नोंदी उघडून बघितल्या. मग म्हणाली, “तू हुशार हायस, हाच तुझा रोग हाय.”

मला ते लागलं. खरं होतं म्हणून जास्त लागलं. लोकांनी उन्हात बसून, चहा पाजून, चारही बाजू सांगितल्या होत्या. माझ्याजवळ त्यातल्या दोन होत्या.

मार्ग तिनंच काढला. एका वेळी एकच गाव बाहेर काढायचं. शंभर शेतांचं फोल्डर वेगळं ठेवायचं, त्यावर प्लगिन चालू करायचं, बाजू पडद्यावर आल्या की त्या उचलून साध्या फाइलीत चिकटवायच्या. पहिलं गाव पाच मिनिटांत झालं. माझ्या तोंडून “झालं!” असं निघालं, इतक्या मोठ्यानं की प्रॅक्टिकल करणाऱ्या पोरींनी वळून बघितलं. मग यादी वाचली. गावाच्या शिवेवरच्या शेतांच्या पश्चिम-दक्षिण बाजू आल्याच नव्हत्या. त्यांचे शेजारी दुसऱ्या गावात होते, म्हणजे दुसऱ्या फोल्डरात. ती शेतं एकेक हातानं शोधून भरायची होती. एका गावाला पाऊण तास लागला.

एकतीस गुणिले पाऊण तास. मी गणितात कच्ची, पण एवढं कळत होतं.

शनिवारी प्रयोगशाळा बंद होईपर्यंत सहा गावं झाली. रविवारी सकाळी सहाला बसले. नायगावकडची गावं की आमच्याकडची, असा प्रश्न आला तेव्हा आमच्याकडची आधी घेतली. तिथं अडलं तर आप्पांना फोन करता येत होता. त्यांना दोनदा केला. दोन्ही वेळा त्यांनी शिवेवरच्या शेतांच्या बाजू धडाधड सांगितल्या आणि दुसऱ्यांदा विचारलं, “हे तू लिवलं नव्हतंस का आधी?”

“लिहिलं होतं, आप्पा. बघून घेतेय फक्त.”

बापाशी खोटं बोलले. त्या दिवशीची ती एक गोष्ट मला अजून टोचते.

दुपारपर्यंत तेरा झाली. थकल्यामुळं आता एका गावाला दीड तास लागायला लागला होता. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते नुसतं बघून बघून. खडकाळी, चिंचेचं, पडकं, लवणातलं ही नावं अर्थ सोडून नुसती अक्षरं झाली होती. एका गावात मी अर्धी यादी चुकीच्या रकान्यात चिकटवली, पूर्व पश्चिमेला गेली, आणि ते सत्तर ओळींनंतर लक्षात आलं. मी लॅपटॉपचं झाकण लावलं. असं वाटलं की राहू दे. जूनमध्ये मुलाखत देत राहू. गावात कुणी विचारलं तर सांगू, चालू आहे. लोक असे आयुष्य काढतात. दहा मिनिटं मी तशीच बसले. मग सत्तर ओळी पुसल्या आणि परत सुरू केलं. काही धीर आला म्हणून नाही. दुसरं काय करायचं ते सुचत नव्हतं म्हणून.

चारच्या सुमाराला सरांना फोन करून खरं सांगितलं. सगळी गावं होणार नाहीत, राहिलेल्या गावांच्या दोनच बाजू आहेत.

“मग राहिलेली गावं गाळा.”

“शीर्षकातच एकतीस गावं आहेत, सर. मंजूर झालेलं शीर्षक आहे.”

सर म्हणाले, “दोन बाजू आहेत ना? उरलेल्या दोन अंदाजानं भरा. आजूबाजूची चार नावं टाका. परिशिष्ट कोण वाचतं? मी इतकी वर्षं मार्गदर्शन करतोय, परिशिष्टाचं पान उलटलेला परीक्षक मला अजून भेटला नाही.”

सर वाईट नाहीत. मला वाचवायलाच ते बोलत होते. आणि मी मोहात पडले, हेही लिहिते. एका नोंदीत ‘पश्चिमेला’ असं टाइप करून बोट तसंच ठेवलं होतं. कुठलंही नाव टाकलं असतं तर चाललं असतं. मग वाटलं, मी आमच्या घरातली पहिली शिकलेली. दुसऱ्याच्या शेताला खोटा शेजारी लावायला शिकले काय? ‘नोंद बाकी’ असे दोन शब्द टाइप केले. राहिलेल्या गावांच्या प्रत्येक शेतापुढं, दोन्ही रकान्यांत, तेच दोन शब्द.

सोमवारी सकाळी साडेआठला थांबले तेव्हा बावीस गावं पुरी होती, नऊ बाकी. ती नऊही नायगाव तालुक्यातली. नांदेडच्या बसमध्ये लॅपटॉप मांडीवर घट्ट धरून बसले. नांदेडला छपाईच्या दुकानात दोन जणी माझ्या पुढं होत्या. बांधणीचा गोंद वाळत नव्हता. चार वाजून दहा मिनिटांनी पाच जाड प्रती छातीशी धरून मी रिक्षात बसले. गोंदाचा वास इतका येत होता की रिक्षावाला म्हणाला, “ताई, काय रंगवलंय?”

खिडकीपाशी पोचले तेव्हा चार पंचवीस. आतले कारकून चाळिशीचे, चष्मा कपाळावर. त्यांनी प्रमाणपत्रं बघितली, सह्या बघितल्या, पानांचे आकडे बघायला म्हणून प्रत शेवटाकडून उघडली. आणि थांबले. चष्मा खाली घेतला.

“मॅडम, हे आमचं गाव हाय.”

“हो का?” मी म्हणाले. माझे डोळे भिंतीवरच्या घड्याळावर.

“जोडविहिरीचं, हाय. लवणातलं, हाय. अरे, भुताचं पण लिवलंय की! आमचं हाय ते. कुणी सांगितलं तुम्हाला?”

“पारावर एक आजोबा होते. पांढरा फेटा. एक डोळा बारीक करून बोलायचे.”

“आमचे मोठे बाप.” म्हणजे वडलांचे थोरले भाऊ. ते पानाकडंच बघत होते. “गेले की हो ते मागल्या साली.”

मी परत घड्याळ बघितलं. चार बत्तीस.

“पण हे काय? पूर्वेला थोरली पट्टी, उत्तरेला पांदण. फुडं दोन्हीकडं नोंद बाकी? म्हाताऱ्यानं सांगितलं न्हाई का? असं व्हायचं न्हाई.”

“त्यांनी चारही सांगितल्या होत्या,” मी म्हणाले. “मी दोनच लिहिल्या. चूक माझी आहे.”

चूक माझी, हे मी सरांना म्हणाले नव्हते, आप्पांना म्हणाले नव्हते. त्या खिडकीत, ओळखदेख नसलेल्या माणसाला म्हणाले.

त्यांनी प्रत माझ्याकडं फिरवली आणि वर पेन ठेवलं. “पच्छिमेला गोसाव्याचं. दक्षिणेला लेंडीकडचं. लिवा.”

“बांधलेल्या प्रतीत हातानं लिहिलेलं चालतं?”

“घेणारा मीच हाय न्हवं?”

“मग आधी शिक्का मारा ना दादा, मी लगेच लिहिते.”

“शिक्का मारल्यावर तुम्ही कशाला लिवताव? पळताव बसला. आधी लिवा. पाचही प्रतींत.”

मी लिहिलं. घाईत ‘गोसाव्याचं’ रकान्याबाहेर गेलं. पाच वेळा गोसाव्याचं, पाच वेळा लेंडीकडचं. मागं रांगेत उभी असलेली बाई कुजबुजली, काय अडलंय हो? चार त्रेचाळीस. मी मान वर केली तर त्यांचं बोट पुढच्या ओळीवर गेलेलं.

“आता ह्याच्या.”

“दादा,” माझा आवाज फुटला, “तुमच्या गावात ऐंशी शेतं आहेत.”

“मला ठावं न्हाई व्हय?” ते म्हणाले, आणि पहिल्यांदा हसले. मग माझ्या तोंडाकडं त्यांचं नीट लक्ष गेलं असावं, कारण हसणं थांबलं. त्यांनी ड्रॉवर ओढला, शिक्का काढला, शाईच्या डबीवर दोनदा दाबला आणि पाचही प्रतींवर एकापाठोपाठ उमटवला. पावतीवर सही केली, वेळ टाकली. चार वाजून एकोणपन्नास. पावती खिडकीतून बाहेर सरकवली.

मी ती हातात घेतली आणि तिथंच कट्ट्यावर बसले. आनंद म्हणावा असं काही वाटत नव्हतं. नुसतं गळून गेल्यासारखं. आत एक खिडकी बंद झाली, मग दुसरी. पाचला ते डबा आणि पिशवी घेऊन बाहेर आले. मला तिथंच बघून थांबले.

“गेला न्हाई का अजून?”

मी लॅपटॉप उघडला. नऊ म्हणायच्या आत ॲप उघडलं. त्यांच्या गावाचं फोल्डर काढलं, प्लगिन बंदच ठेवलं. विचारलं, “वेळ आहे का थोडा?”

ते कट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला बसले, मध्ये डबा ठेवला. गोसाव्याचं झालं, थोरल्या पट्टीचं झालं. एकेका शेताच्या चारही बाजू ते सांगत होते, डोळे मिटून, आणि मी चारही लिहीत होते. पडक्याशी येऊन मात्र ते अडले.

“पडक्याच्या दक्षिणेला काय?” मी विचारलं.

“दक्षिणेला शेत न्हाई मॅडम, दक्षिणेला भांडण हाय. आमचं आणि धाकल्या चुलत्याचं. कोर्टात हाय. तुम्ही शिकलेल्या हाव, काय लिवताव ते लिवा.”

मी लिहिलं, दक्षिणेला वाद. त्यांनी वाकून ते वाचलं, मान हलवली, आणि पुढचं शेत सांगितलं.